बिनगाठीचा पिच्चर

सिनेमा बायका-पोरांनी बघण्याजोगा आहे की नाही, हे ठरवायला सरकारनं मुंबईला साहेबलोक बसवले होते. ते पंख्याखाली बसून सिनेमा बघायचे, नको तिथं कात्री लावायचे, हवी तिथं विसरायचे, आणि शिक्का मारून डबे रवाना करायचे. आमच्या कोल्हापुरात गंगावेशीजवळच्या गल्लीत त्या शिक्क्याला कुणी हिंग लावून विचारत नव्हतं. गल्लीत चालायचा तो बिबीजानचा शब्द.

बिबीजान काही शिकलीसवरलेली नव्हती. थेटरात वरच्या मजल्यावर बायकांचा वेगळा क्लास होता, त्याला वेगळा जिना होता, आणि त्या जिन्याच्या वरच्या दाराशी ती तिकिटं फाडायला उभी असायची. उंच, हाडकुळी, पदर कानामागं घट्ट खोचलेला, आणि आवाज असा की खालच्या बाकांवरचे पुरुषसुद्धा बिडी विझवायचे. तिचा नवरा मीरासाब याच थेटरात पिच्चर दाखवायच्या मशीनवर होता. तो तापानं गेला तेव्हा मालकांनी तिला बोलावून घेतलं आणि बायकांचं दार तिच्या हवाली केलं. त्याला आता वीस वर्षं होत आली होती. या वीस वर्षांत तिनं एकही पिच्चर धड बघितला नव्हता, हे कुणाला सांगूनही पटलं नसतं.

कारण ती पडद्याकडं बघतच नसे. शुक्रवारी नवा पिच्चर लागला की तीनच्या खेळाला ती दार लावून घ्यायची, पडद्याकडं पाठ करून भिंतीला टेकायची, आणि पडद्याचा उजेड बायकांच्या तोंडावर पडायचा तो बघत राहायची. बायका पदराचं काय करतात इकडं तिचं सगळं लक्ष. पदराचं टोक डोळ्यांना गेलं तर रडायचा प्रसंग. टोक तोंडात गेलं तर हसण्याचा. पण पदर कपाळावरनं पुढं ओढला, मान खाली गेली आणि शेजारणीच्या कोपराला कोपर लागलं, की समजायचं, पडद्यावर काहीतरी वंगाळ चाललंय. असं झालं की बिबीजान आपल्या स्वतःच्या पदराला एक गाठ मारायची. एका गाठीचा पिच्चर नवराबायकोनं बघावा, पोरं घरी ठेवावीत. दोन गाठींचा असेल तर नुसत्या पोक्त बायकांनी जावं. तीन गाठी पडल्या तर त्या आठवड्यात घरी बसून पापड लाटावेत.

ही रीत उगाच पडली नव्हती. मागं एकदा देवाधर्माचा म्हणून एक पिच्चर लागला होता. गल्लीतली बनाबाई सासू-सासऱ्यांना आणि नणंदांना घेऊन गेली. त्या पिच्चरात देव दहा मिनिटं होता आणि बाकीचा वेळ राक्षसाच्या दरबारात नाच चालला होता. सासरा घरी येऊन असा तापला की बनाबाईचंच नव्हे, सगळ्या गल्लीतल्या सुनांचं थेटर सहा महिने बंद झालं. त्या सहा महिन्यांत रिकाम्या बाकांकडं बघत बिबीजाननं ठरवलं, आपण दारावर नुसतं बुजगावण्यागत उभं राहायचं नाही. तेव्हापासून शनिवारी सकाळी नळावर ती पदर पुढं करायची, बायका गाठी मोजायच्या. पुढं पुढं पुरुषांनाही ते पटलं. घरात विषय निघाला की म्हातारे एकच विचारत, "बिबीजान काय म्हणाली?" आणि ती बरं म्हणाली असेल तर वर शब्द काढत नसत. तिला याचा अभिमान होता आणि तो तिनं कधी लपवला नाही. थेटराच्या मालकाला सलाम करतात ते पगारासाठी, पण आपल्याला बायका विचारतात ते विश्वासानं, असं ती म्हणायची.

तिला मूलबाळ नव्हतं. धाकटा भाऊ नबीलाल, त्याची बायको हाफिजा आणि त्यांची एकुलती पोरगी जुलेखा, यांच्या घरातच ती राहायची; जुलेखाची ती फुफू, म्हणजे आत्या. नबीलालचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. हाफिजा घरी मशीनवर शिवणकाम करायची. जुलेखा दोन वर्षांची असताना एका तापात तिचा डावा पाय गेला. पोलिओ. पुढची पाच वर्षं ती या मांडीवरून त्या मांडीवर वाढली. मग मिरजेच्या डॉक्टरांनी तिला बूट करून दिले. बूट म्हणायचं ते आपलं, डाव्या पायाला मांडीपर्यंत लोखंडी सळ्या होत्या, गुडघ्याला चामडी पट्टा, आणि खाली जडशीळ जोडा. तो पाय कमरेतून फेकावा लागायचा, मग दुसरा ओढावा लागायचा. ठक, खर्र. ठक, खर्र. नबीलाल रोज सकाळी सायकलच्या तेलाचे दोन थेंब त्या सळ्यांच्या सांध्यांत सोडायचा.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. पोरगी मोठी होईपर्यंत बूट रोज घातले पाहिजेत. बूट पायात राहिले तर पाय सरळ राहील आणि ती जन्मभर चालेल. चार-सहा महिने जरी सोडले तर गुडघा आखडेल, आणि एकदा आखडला की मग बसली ती बसली.

आठव्या वर्षी जुलेखा शाळेत गेली. उशीर झाला होता, पण गेली. नगरपालिकेची शाळा गल्लीच्या तोंडाशी होती आणि ती तिथं एकटी जायची, कुणी हात धरलेला तिला खपायचा नाही. घरापासून शाळेपर्यंत चारशे बारा पावलं आहेत हे तिनं स्वतः मोजून सगळ्यांना सांगितलं होतं. पहिल्या दिवशी ती परत आली तेव्हा बिबीजान दारात उभी राहून ढसाढसा रडली, आणि नळावरच्या बायकांनी तिला हसत हसत घरात ढकललं.

त्या वर्षीच्या थंडीत थेटरला 'लोहे का दामाद' लागला. एका सावकाराला घरजावई हवा असतो, पण माणसांवर त्याचा भरवसा नसतो, म्हणून तो एका खुळ्या शास्त्रज्ञाकडून लोखंडाचा जावई करून घेतो. यंत्रमानव. तो भाकरीऐवजी तेल पितो, सासूला उचलून फडताळात ठेवतो, पावसात भिजला की गंजतो. थेटरावरच्या बोर्डावर पेंटरनं पत्र्याचा एक माणूस काढला होता आणि त्याच्या मुंडक्यावर मुंडावळ्या बांधल्या होत्या.

शुक्रवारी तीनच्या खेळाला बिबीजान नेहमीसारखी पाठ करून उभी राहिली. पहिली रिळं सरली. कुणाचा पदर कपाळावर आला नाही. गाण्याच्या वेळी ती सावध झाली, कारण गाठी पडतात त्या बहुतेक गाण्यात. गाणं गेलं, पदर जाग्यावर. मध्यंतरानंतर तर बायकांनी पदर तोंडात धरायचंही सोडून दिलं. उघड्या तोंडानं, मांड्यांवर थापा मारत, डोळ्यांतलं पाणी तळहातानं पुसत त्या हसत होत्या. मागनं ठक-खर्र, ठक-खर्र असा काहीतरी आवाज यायचा आणि तो आला की थेटर फुटायचं. वीस वर्षांत बायकांना असं मोकळं हसताना तिनं बघितलं नव्हतं. ती स्वतःही हसली. कशाला हसतोय हे तिला माहीत नव्हतं, पण एवढी तोंडं हसताना बघितल्यावर कोण रडतंय?

शनिवारी नळावर तिनं पदर पुढं केला. गाठ नव्हती.

"एक बी न्हाय?" धोंडुबाईनं विचारलं. धोंडुबाई समोरच्या घरातली, गल्लीतलं सगळं आधी तिला कळायचं.

"एक बी न्हाय. आठ म्हयन्यांत असला पिच्चर आला न्हवता. पोरंटोरं, सासू-सासरं, समद्यास्नी घिऊन या. मी सांगालोय न्हवं, डोळं झाकून या."

बोलायच्या भरात ती पुरुषासारखी 'सांगालोय' म्हणायची, ही तिची जुनी खोड होती. बायका हसल्या आणि घागरी उचलून घरोघर बातमी घेऊन गेल्या. बिनगाठीचा पिच्चर आलाय.

घरी येऊन तिनं हाफिजाला गाठलं. हाफिजानं जन्मात थेटराची पायरी चढली नव्हती आणि पोरीलाही चढू दिली नव्हती. पिच्चर वाईट म्हणून नव्हे. चारशे माणसांत पोरगी चालणार आणि चारशे माणसं तिच्या पायाकडं बघणार, एवढीच तिची धास्ती.

"आपा, नगं," ती म्हणाली. "शाळेत जातीया, तेवढं रग्गड हाय."

"अगं, गल्लीतली समदी पोरं चालल्यात. हिलाच घरात कोंडून ठिवतीस? मी हाय की संगट. हसून हसून पोट दुखंल पोरीचं. बिनगाठीचा हाय, माझ्यावर इस्वास न्हाय का तुझा?"

हाफिजानं मशीन थांबवलं आणि हातातल्या कापडाचा दोरा तोडला. "तुमी म्हणताय म्हणून," ती म्हणाली.

रविवारी दुपारी गल्ली ओस पडली. जुलेखानं नवा झगा घातला होता. जिन्याच्या बावीस पायऱ्या ती एकटी चढली, कठड्याला धरून, मागच्या बायकांना तिष्ठत ठेवून, आणि वर पोचल्यावर तिनं बिबीजानला तिकीट असं दिलं की जणू ओळखच नाही. बिबीजाननं ते ऐटीत फाडलं. तिला कडेच्या बाकावर बसवलं, दार लावलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच पडद्याकडं तोंड करून पोरीशेजारी बसली. पोरगी काय बघून हसते ते आपणही बघावं असं तिला वाटलं.

लोखंडी जावई लग्नाच्या मांडवात आला. त्यानं डावा पाय कमरेतून फेकला. मग उजवा मागनं ओढला. ठक, खर्र.

बिबीजाननं ती चाल ओळखली. पोरगी रोज सकाळी घरातनं निघते ती अशीच. तसाच खांदा खाली जात होता, तशीच मान पुढं येत होती. हा आवाज शुक्रवारी तिनं पाठीमागं तीन तास ऐकला होता. घरात रोज ऐकत होती. आणि तिला कळलं नव्हतं. बायकांची तोंडं न्याहाळत बसली आणि पडद्याकडं एकदा मान वळवून बघितलं नाही. लोखंडी जावई चालता चालता पडला, त्याला उठता येईना, तो पाठीवर पडून पाय झाडायला लागला, आणि सगळं थेटर खो-खो हसलं.

तिनं भीतभीत जुलेखाकडं बघितलं. जुलेखा हसत होती. मनापासून, दात काढून, बाकाच्या कडेला धरून हसत होती. बिबीजानचा जीव भांड्यात पडला. पोरगीच हसतेय तर आपण कशाला घाबरायचं, असं तिला वाटलं, पण तेही फार वेळ टिकलं नाही.

पुढच्या बाकावर धोंडुबाईचा गुंडू बसला होता. जावई दुसऱ्यांदा चालायला लागला तेव्हा गुंडूनं मागं वळून बघितलं. पडद्याकडं नाही, जुलेखाकडं. मग त्यानं शेजारच्या पोरीला कोपरानं ढोसलं, तिनंही वळून बघितलं. एकेक करत त्या बाकावरची सगळी पोरं वळली, मग त्याच्या पुढच्या बाकावरची. त्यांच्या डोळ्यांत दुष्टावा नव्हता. त्यांना मोठा शोध लागला होता आणि त्याचा आनंद झाला होता. एवढ्या जणांनी आपल्याकडं का बघितलं, हे जुलेखाला लगेच कळलं. पोरगी हुशार होती. ती हसायची थांबली नाही. उलट आणखी मोठ्यानं हसायला लागली, आणि हसता हसता तिनं झग्याची कड ओढून लोखंडी सळ्या झाकल्या.

मध्यंतरात दिवे लागले. "चल, घरला जाऊ," बिबीजान म्हणाली.

"बस की फुफू, अजून हाय." ती जागची हलली नाही. तिला लघवीला लागली होती, हे बिबीजानला तिच्या बसण्यावरून समजत होतं. पण दिव्यांच्या उजेडात उठून चालायला ती तयार नव्हती. खेळ संपेपर्यंत ती तशीच बसून राहिली. संपल्यावर सगळ्या बायका उतरून गेल्या, तरी बसून राहिली. शेवटी बिबीजाननं तिला उचलायला हात पुढं केले, ते तिनं झिडकारले आणि एकेक पायरी मोजत उतरायला लागली.

खाली पोरं थांबली होती. त्यांनी टाळ्या वाजवल्या. "आला! दामाद आला!" गुंडूनं कुठूनशी खोबरेलाची बाटली पैदा केली होती. तो खाली बसला आणि पिच्चरात करतात तसं जुलेखाच्या गुडघ्याच्या सांध्यावर त्यानं तेल ओतलं. "गंजशील गं," तो काळजीनं म्हणाला. धोंडुबाईनं त्याच्या पाठीत धपाटा घातला, पण तो घालताना तिलाही हसू आवरेना.

"चांगला हुता पिच्चर," जुलेखा घरी आल्यावर आईला म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून झोपली.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली. तिसऱ्या दिवशीही गेली. मागं पोरांची रांग असायची, सगळी डावा पाय फेकत, ठक-खर्र असा तोंडानं आवाज काढत. बिबीजान दोनदा काठी घेऊन मागं लागली. पोरं पळाली ती तशीच पाय फेकत पळाली. ती नळावर गेली. बायकांनी तिचं ऐकून घेतलं. "अगं, पोरं हायती," धोंडुबाई म्हणाली. "चार दिसांत इसरतील. तूबी काय मनाला लावून घेतीस?" आणि पोरं खरंच विसरली असती. पुढच्याच शुक्रवारी मारामारीचा पिच्चर लागणार होता.

पण मध्ये शाळेचं संमेलन आलं. गुरुजी भले गृहस्थ होते, जुलेखावर त्यांचा जीव होता, कुठल्याही कार्यक्रमात ही पोरगी मागं बसून राहते याचं त्यांना वाईट वाटायचं. त्यांनी विचार केला आणि एक लहानसं नाटुकलं बसवायला घेतलं. वर्गात सगळ्यांसमोर ते कौतुकानं म्हणाले, "यात यंत्रमानव आपली जुलेखा होणार. तिला काही शिकवावंसुद्धा लागणार नाही."

जुलेखा त्या दिवशी चारशे बारा पावलं चालून घरी आली. ओट्यावर बसली. पट्टे सोडले, बूट काढले, आणि ते हातानं लांब सारले. "मी न्हाय घालणार," ती म्हणाली. एवढंच म्हणाली. रडली नाही की काही सांगितलं नाही. गुरुजी दुसऱ्या दिवशी स्वतः घरी आले तेव्हा खरं काय ते कळलं. त्यांनाही फार वाईट वाटलं. सगळ्यांना वाईटच वाटत होतं.

मग काय काय केलं ते सांगण्यात अर्थ नाही. नबीलालनं नव्या सायकलीची घंटी बुटाला बसवली. बिबीजाननं हातापाया पडून बघितलं, पदर पसरला, खोटं खोटं रागावली, खरं रागावली, एकदा तर तोंडात मारली आणि मग रात्रभर त्याच हाताकडं बघत राहिली. जोरानं बूट चढवले की पोरगी ते घालून बसायची, उठायची नाही. पाठ फिरली की पट्टे सोडायची. हाफिजा यातल्या कशातच पडली नाही. तिनं बिबीजानला कधी एक शब्द बोलून दाखवला नाही. वाढायची, 'आपा, जेवा' म्हणायची, पण तोंडाकडं बघायची नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं बिबीजानला रोज वाटायचं. गाठी मोजायला ती अजून उभी राहायची, नळावर पदर दाखवायची, पण आता तिचं तिलाच त्यात काही खरं वाटत नव्हतं. लाजेला पदर असतो, तो दिसतो. असल्या गोष्टीला बायका पदर कुठं ओढतात?

वर्ष उलटलं. जुलेखा हातांवर सरकत घरभर फिरायला लागली. डावा गुडघा हळूहळू वाकला आणि वाकलेलाच राहिला. होळीच्या सुमाराला नबीलाल आणि बिबीजान तिला मिरजेला घेऊन गेले. डॉक्टरांनी पाय दाबून बघितला, मग नबीलालला म्हणाले, पोरीला जरा बाहेर टांगे दाखवून आणा. बिबीजानला त्यांनी खुर्ची दिली. बूट आता चढणार नाहीत, ते म्हणाले. कापून बघता येईल, पण चालेल अशी खात्री मी देणार नाही. परतीच्या गाडीत जुलेखा खिडकीशी बसून टांग्याच्या घोड्यांच्या गोष्टी सांगत होती. तिला यातलं काही सांगायचं नाही, असं घरात ठरलं.

आणि मे महिन्याच्या सुट्टीत तोच पिच्चर पुन्हा आला.

थेटरचा मॅनेजर बाळासो खूश होता. त्यानं पेंटरकडून बोर्डावर लिहून घेतलं, 'बिनगाठीचा पिच्चर! सहकुटुंब पाहा!' गल्लीतली बोली बोर्डावर चढली होती. "बिबीमावशी, तुमचंच नाव झालं की हे," तो म्हणाला. "नळावर जरा सांगा बायकांस्नी."

बिबीजान नळावर गेली. "ह्यो बघू नका," ती म्हणाली. "पोरांस्नी तर अजिबात दाखवू नका."

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. "अगं, आम्ही बघितलाय की," धोंडुबाई म्हणाली. "काय वंगाळ हाय त्यात? तूच न्हवं का म्हणाली हुतीस, डोळं झाकून या?"

"म्हणालती. चुकलं माझं."

"गाठ कुठं पडती सांग की मग."

बिबीजानच्या मापानं त्यात काहीच नव्हतं. शेवटी तिचा बांध फुटला. "माझी पोरगी बसली त्या पिच्चरानं!" ती नळावर सगळ्यांदेखत ओरडली. "चालत हुती, ती बसली! तुमची पोरं हसली, तुमी हसला, मी हसलो. आणि ती बसली!"

घागर भरून वाहायला लागली तरी कुणी नळ बंद केला नाही. धोंडुबाईनं तिला जवळ घेतलं. दोघीतिघींच्या डोळ्यांत पाणी आलं. "न्हाय गं, न्हाय जात आम्ही," त्या म्हणाल्या, आणि त्या खोटं बोलत नव्हत्या.

रविवारी त्या आल्या. सुट्टीत पोरांनी हट्ट धरला होता, पाहुणे आले होते, नवऱ्यानं तिकिटं आणली होती, प्रत्येकीचं काही ना काही होतं. जिना चढून त्या एकेक करून दाराशी आल्या आणि तिच्या तोंडाकडं न बघता तिकिटं तिच्या हातात दिली. बिबीजाननं फाडली. दुसरं काय करणार? तिचं कामच ते होतं. क्लास गच्च भरला, तिनं दार लावलं आणि बाहेर जिन्यात येऊन बसली. आतनं ठक-खर्र ऐकू येत होतं आणि त्यामागोमाग हसण्याचा लोंढा. तिनं दोन्ही कानांवर हात ठेवले.

खेळ सुटला तेव्हा उन्हं अजून होती. दाराची एक फळी धरून ती उभी राहिली आणि पोरं तिच्यासमोरून डावा पाय फेकत जिना उतरली. तिच्या अंगात आता रागवायचंही बळ नव्हतं. कुलूप लावून ती सगळ्यांच्या मागून घराकडं निघाली.

जुलेखा ओट्यावर बसली होती. पोरं पाय फेकत गल्लीत शिरली आणि धोंडुबाईची नजर ओट्याकडं गेली. तिनं गुंडूचा कान पिरगळला. "सरळ चाल, मुडद्या." बाकीच्या आयांनीही आपापल्या पोरांना दंडाला धरून दाबलं. सगळी पोरं एकदम गप्प झाली. नीट, सरळ पायांनी, खाली माना घालून ती ओट्यासमोरून निघून गेली. जुलेखा त्यांच्याकडं टक लावून बघत होती.

"फुफू," ती म्हणाली, "कोणच हसलं न्हाय."

"न्हाय."

"इसरली वाटतं समदी."

"व्हय. इसरली."

जुलेखा ओट्यावर पुढं सरकली. "मग माझं बूट काढ. सुट्टी संपली की शाळंला जातो मी."

आतलं शिलाईचं मशीन थांबलं. बिबीजान आत गेली, ट्रंकेतून बूट काढले आणि बाहेर येऊन पोरीपुढं बसली. चामडं वाळून कडक झालं होतं. जुलेखानं आपल्या हातांनी डावा पाय पुढं ओढला. पाय गुडघ्यातच वाकून राहिला. बिबीजाननं जोडा चढवला, खालचा पट्टा लावला. मग गुडघ्यावर तळहात ठेवून हळूच दाबलं. पोरीनं ओठ चावला, पण हूं की चूं केलं नाही. वरचा पट्टा चार बोटं अलीकडं राहिला. जुलेखानं स्वतः दोन्ही हातांनी गुडघा दाबून बघितला, पुन्हा दाबला, तरी तो चार बोटं अलीकडंच राहिला.

"पाय वाढलाय गं माझा!" ती आनंदानं म्हणाली. "अब्बाला सांग, मिरजंहून मोठं बूट करून आणा म्हणावं. मग चालाय येईल न्हवं, फुफू?"

हाफिजा दारात येऊन उभी होती. इतक्या महिन्यांनी तिनं बिबीजानच्या तोंडाकडं सरळ बघितलं.

"येईल की," बिबीजान म्हणाली.

पोरीला ते लगेच खरं वाटलं. बिबीजाननं सांगितलेलं तिला नेहमीच खरं वाटायचं.